घरं कमी कायले?

आमच्या जमिनीवर जास्तीत जास्त किती घरं बसतील, हे सांगायला माणसं स्वतः चालत घरी आली. तिथं कमीच घरं बांधायची असं आम्ही ठरवलं, तेव्हा मात्र आम्हालाच दारोदार हिंडावं लागलं. माझी सगळी नोकरी पोस्टात, काउंटरच्या आतल्या बाजूला गेली. लोकांचं ओरडणं ऐकायची सवय होती. निवृत्त झाल्यावर बाहेरच्या बाजूला उभी राहिले, आणि ती माणसं काऊन ओरडत असत ते कळलं.

जमीन वडिलांची. तिरोड्याहून चोरखमाऱ्याकडे जाताना गाव लागतं, त्याच्या अलीकडच्या अंगाला. वरच्या बाजूला मुरमाड टेकर, तिथं मोहाची जुनी झाडं. खाली धानाच्या बांध्या, बांध घातलेली भाताची खाचरं, आणि उतार जिथं संपतो तिथं बोडी, म्हणजे आमच्याकडचा छोटा तलाव. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर माझं आणि धाकट्या भावाचं नाव लागलं. मी तिरोड्यात राहते. भावाचं घर वावराला लागूनच, वावर तोच पाहायचा. पण त्याचे गुडघे गेले. चिखलात उतरला की संध्याकाळी जिना चढताना कठड्याला धरून उभा राहायचा. त्याची एकुलती मुलगी नागपुरात नोकरीला, ती काही धानाच्या रोवण्यासाठी परत यायची नाही.

तोवर तिरोडा वाढत वाढत गावाच्या शिवेपर्यंत आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ले-आउट पडले होते. चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब, आणि एका कमानीवर रंगवलेलं कुठल्यातरी देवाचं नगर. आमच्या शेजाऱ्यानं त्याची बोडी मुरूम टाकून बुजवली आणि वर प्लॉट पाडले. बोडी गेली तरी पाण्याला वाट माहीत होती. श्रावणात ते जुन्या जागी जाऊन बसायचं, फक्त आता त्या जागी लोकांचे सोफे असायचे.

एके दिवशी गोंदियाचा एक दलाल भावाकडे आला. मीही तिथंच होते. त्यानं लॅमिनेट केलेला नकाशा खाटेवर पसरला. आमची जमीन त्यानं बर्फीसारखी कापली होती. "देखो दीदी," तो मला म्हणाला, "एक इंच भी वेस्ट नहीं जाएगा."

भावानं नकाशा फिरवून फिरवून पाहिला. "बोडी कुठी गेली?"

"भर देंगे ना भैया. उधर कॉर्नर के प्लॉट निकलते हैं, सबसे अच्छे."

भाऊ पुन्हा नकाशावर वाकला. त्याचं मन वळत होतं हे मला दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही वळत होतं. तेवढ्यात भावजय चहा घेऊन आली. ती फारशी शिकलेली नाही, आणि मुद्दा सोडून बोलायची तिला सवय नाही. तिनं नकाशाकडे पाहिलं आणि चहाचा ट्रे नेमका त्याच्यावर ठेवला.

"इतले लोक अठी राहतीन?" तिनं विचारलं.

"हां भाभी, पूरी कॉलनी."

"मंग मी नाई राहत. दुसऱ्याच्या घरातली फोडणी माह्या घरात नाई पायजे. भिताडाले भिताड लावून राहाचं असतं तं मी शहरात नसती गेली? अन बोडी बुजवाचं नाव काढाचं नाई. माहे शिंगाडे हाय तठी."

दलाल हसला. भावजय हसली नाही. ती तिथंच बसून राहिली, तो चहा पिऊन उठेपर्यंत.

तिच्या बोलण्यात पर्यावरण वगैरे काही नव्हतं. तिला शेजारणीचा टीव्ही ऐकायचा नव्हता, बोडीतले शिंगाडे काढायचे होते आणि चैत्रात मोह वेचायला बाया याव्यात एवढं हवं होतं. पण ती गेल्यावर आम्ही बहीणभाऊ बोलत बसलो आणि त्यातूनच ते ठरलं. टेकरावर बारा मोठे प्लॉट पाडायचे. प्रत्येक घराभोवती वारा खेळेल इतकी जागा. मोहाची झाडं, बोडी आणि तिच्या वरच्या दोन बांध्या तशाच ठेवायच्या, आणि पुढंही त्या कुणी विकू नयेत म्हणून मंजूर नकाशातच तसं लिहून घ्यायचं. हातात थोडं कमी आलं असतं, पण भावाचं भागलं असतं. मला वाटलं, इतकी साधी गोष्ट. आम्ही सरकारकडे काही मागत नव्हतो. उलट कमीच घेत होतो.

नकाशा काढायला गोंदियातली एक तरुण इंजिनीअर मिळाली. तिचं ऑफिस एका राइस मिलच्या मागं होतं. टेबलावर सतत कोंड्याची बारीक धूळ असायची आणि ती बोलता बोलता बाहीनं पुसायची. आमचं म्हणणं ऐकून ती खूश झाली. "मॅडम, सगळे जास्त प्लॉट मागतात. तुम्ही पहिल्याच." तिनं मन लावून सुंदर नकाशा केला. सोबतच्या टिपणात उत्साहाच्या भरात एक ओळही घातली : या परिसरात सारस पक्षी येतात. खोटं नव्हतं. आमच्या बांध्यांमध्ये जोडी उतरायची, सगळ्या गावानं पाहिलेली. पण ती ओळ आम्हाला किती महागात पडणार आहे हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नाही.

पहिलं काम ग्रामपंचायतीचं. त्यांची ना-हरकत हवी होती. सरपंचबाई शेतकऱ्याच्या घरातल्या, हिशेबाला पक्क्या. त्यांनी नकाशा पाहिला आणि सरळ विचारलं, "घरं कमी कायले?"

मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ताई, तुमचं बरोबर असन. पन बारा घरं म्हंजे बारा घरांची घरपट्टी. रस्ता, नळ, लाइट तेवढंच द्या लागते. शेजारच्या ले-आउटाची घरपट्टी मोजून पाहा. मले गावाचं पाहाचं हाय का तुमच्या झाडाचं?"

मला राग आला, पण त्यांचं म्हणणं चूक म्हणता येईना. त्यांनी विषय ग्रामसभेत ठेवला.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. सचिवानं आमचा अर्ज वाचला. वाचून व्हायच्या आत मागून एक म्हातारा उठला. "हे बोडीले तार मारतीन. आमी ढोरं पानी पाजाले कुठी न्याचे?"

"तार नाही मारणार काका," मी म्हटलं.

"मंग सोडून काऊन राहिले? फुकट कोनी जागा सोडते का?"

दुसरा म्हणाला, बाराच घरं म्हणजे साहेब लोकांचे बंगले, गावातल्या माणसाला आत कोण शिरू देणार. तिसऱ्याला तर पक्कं कळलं होतं की खाली काहीतरी सापडलंय, म्हणून आम्ही ती जागा धरून ठेवतोय. यावर बराच वेळ गंभीर चर्चा झाली. मी पोस्टात असताना एका माणसानं मनिऑर्डर उशिरा आली म्हणून मला वाटेल तसं बोलून घेतलं होतं; त्याची मला त्या दिवशी आठवण झाली, कारण तो तरी मुद्द्याला धरून होता.

मग सचिवानं सांगितलं की मोकळी जागा नियमानं पंचायतीच्या ताब्यात येईल. एकदम सभेचा सूर बदलला.

"पंचायतीची होते? मंग तठी सभागृह बांधू."

"सभागृह कायले? पान्याची टाकी पायजे."

"पोट्ट्यांले कबड्डीचं मैदान नाई गावात."

महिला बचत गटाच्या बायांना शेड हवं होतं. एकानं देऊळ सुचवलं, लगेच दुसऱ्यानं दुसऱ्या देवाचं. बोडीच्या काठी फवारा लावावा असंही कुणीतरी म्हणालं. मी पाहत होते. आम्ही राखलेली सगळी जागा माझ्या डोळ्यांसमोर भरली. सभा संपेपर्यंत तिथं एक गाय उभी राहील एवढीही जागा उरली नव्हती.

भाऊ शेवटी उठला. गुडघ्यावर हात ठेवून उठताना त्याला वेळ लागला, तोवर सगळे गप्प झाले. "अरे बाप्पा, मोकळी जागा म्हंजे मोकळी! खाली ठेवाची हाय म्हून मोकळी. तठी काईच कराचं नाई!"

"काईच नाई?" एकजण खरोखरच गोंधळून म्हणाला. "मंग तिचा उपयोग का?"

पुढच्या ग्रामसभेत कशीबशी ना-हरकत मिळाली. ढोरांना पाण्याची वाट आणि मोह वेचायला सगळ्यांना मुभा, हे आम्ही आधीच कबूल केलं होतं. ते पुन्हा लेखी दिलं. सभागृहाचा विषय सरपंचबाईंनी "नंतर पाहू" म्हणून राखून ठेवला.

मग गोंदिया. नगररचनेच्या कार्यालयात आमची फाइल ज्या अधिकाऱ्याकडे होती, तो माणूस सभ्य होता. कधी आवाज चढवला नाही, खुर्ची द्यायचा. त्यामुळंच जास्त त्रास झाला. ओरडणाऱ्या माणसावर उलट ओरडता तरी येतं.

"मॅडम, ले-आउटमध्ये ओपन स्पेस दहा टक्के सोडायची असते," तो म्हणाला. "तुमच्यात ती नाही."

मला वाटलं त्यानं नकाशा उलटा धरलाय. "साहेब, अर्ध्याहून जास्त जागा मोकळी आहे."

"ती मोकळी आहे. ओपन स्पेस नाही."

मी सोबत आलेल्या इंजिनीअरकडे पाहिलं. ती बाहीनं आमच्याकडचं टेबल पुसत होती, तिथं धूळ नसताना.

त्यानं शांतपणे समजावलं. बोडी सातबाऱ्यावर पोटखराब आहे, म्हणजे पिकाला निकामी जमीन, शिवाय पाणी. पाणी ओपन स्पेसमध्ये धरता येत नाही. मोहाची झाडं उतारावर आहेत. ओपन स्पेस सपाट हवी. बांध्यांना रस्ता लागत नाही. ओपन स्पेसला रस्ता लागायला हवा. आणि ती शक्यतो चौकोनी असावी.

"म्हणजे एवढी मोकळी जागा सोडून आम्ही आणखी मोकळी जागा सोडायची?"

"हो. दोन प्लॉट कमी करा, तिथं चौकोन दाखवा. सपाट करून द्या."

"झाडं तोडून?"

"झाडं तोडा असं मी म्हटलेलं नाही," तो म्हणाला. "सपाट करा असं म्हटलंय."

माझ्या शेजारी बसलेला भाऊ म्हणाला, "साहेब, कमी सोडलं तं चालत नाई, हे समजलं. जास्त सोडलं तं काऊन चालत नाई?"

अधिकाऱ्यानं थोडा विचार केला. "जास्तचं आतापर्यंत कोणी विचारलंच नाही."

मग त्याची नजर त्या टिपणावर गेली. "सारस आहे?" त्याचा चेहरा पहिल्यांदाच जरा चिंतेचा झाला. "सारस असेल तर वन विभागाचा अभिप्राय लागेल."

अभिप्राय मागायचं पत्र जायला एक उन्हाळा गेला. पुढं पाहणीला माणूस आला तो उन्हं तापल्यावर, भर दुपारी. बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छत्री धरून उभा राहिला. सारस काही आला नाही. भावजयीनं त्याला ताक दिलं.

"पक्षी दिसून नाही राहिला," तो म्हणाला.

"काल होता. तुमी काल याचं होतं."

"उद्या येईल का?"

"मले सांगून नाई जात तो."

अहवाल आला : पाहणीवेळी सारस आढळून आले नाहीत. तो घेऊन आम्ही गोंदियाला गेलो, तर तो सभ्य अधिकारी म्हणाला, सारस नाही तर मग एवढी जागा राखायचं कारण काय दाखवायचं? टिपण बदला. इंजिनीअरनं ती ओळ काढली. ओळ काढल्यामुळं टिपण नवं झालं, टिपण नवं म्हणून फाइल नवी. फाइलला नवा क्रमांक पडला त्याच आठवड्यात निवडणुकीची आचारसंहिता लागली, आणि आचारसंहिता उठेपर्यंत त्या अधिकाऱ्याची बदली झाली. नव्या साहेबांना रुजू व्हायला वेळ लागेल असं शिपायानं सांगितलं. "आप लोग फोन करके आया करो ना," तो कळवळ्यानं म्हणाला. फोन कुणी उचलत नव्हतं, आणि हे त्यालाही माहीत होतं.

या सगळ्या काळात शेजारी दोन ले-आउट मंजूर होऊन विकलेही गेले. त्यांच्या नकाशात सगळं बसत होतं. चौकोन चौकोनात होता.

दिवाळीनंतर एक दिवस मी भावाकडे गेले, तर अंगणात त्या दलालाची गाडी. मी आत शिरले तसा दलाल उठला, नमस्कार केला आणि निघून गेला. तोच नकाशा खाटेवर होता.

"हे काय?" मी विचारलं.

भावानं माझ्याकडे पाहिलं नाही. "ताई, मी थकलो."

"आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. तुले पेन्शन हाय, तू ठरवू शकते. माह्या गुडघ्याले कोन पेन्शन देते? दोन वर्सं झाली, ना वावर धड, ना प्लॉट. लोक हसून राहिले. म्हनतात, याले विकाची अक्कल नाई."

मला जे सुचलं ते बोलण्यासारखं नव्हतं. त्याच्या गुडघ्याला लावलेल्या तेलाचा वास खोलीत होता. तो बरोबर होता, आणि तरी मला त्याचा इतका राग आला की मी पर्स उचलून दाराकडे निघाले.

भावजय दारातच उभी होती. मला वाटलं ती आता त्याच्यावर आग पाखडेल. पण ती आवाज न चढवता त्याला म्हणाली, "विका. माहं नाव नाई त्या सातबाऱ्यावर. म्हून तं इतले दिवस नुसती सांगून राहिली. नाव असतं तं सांगतलं नसतं, केलंच असतं."

"का केलं असतं तू?" भाऊ चिडून म्हणाला.

"नव्या सायेबाच्या दारात जाऊन बसली असती. तुमी दोघं जाता, 'बरं साहेब' म्हनता अन परत येता. जसे नवरीकडचे."

भावाला हसू आलं. ते त्यानं लपवायचा प्रयत्न केला पण जमलं नाही. मलाही हसू आलं आणि राग मात्र तसाच राहिला. पर्स हातात धरून मी पुन्हा खाली बसले. ठरलं की एकदा, शेवटचं जायचं. या वेळी तीही येणार.

आम्ही तिघं तिरोड्याहून गाडीनं गोंदियाला गेलो. नवे साहेब म्हणजे एक तरुण बाई निघाल्या. त्यांनी फाइल उघडली, चाळली, आणि इतकंच म्हणाल्या, "मी जागा पाहते." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत आमच्या जमिनीवर निर्णय देणाऱ्या एकाही माणसानं ती जमीन पाहिली नव्हती. एकजण आला होता तो पक्षी पाहायला.

त्या खरंच आल्या, आमची इंजिनीअरही सोबत आली. टेकरावरून बोडीपर्यंत चालत गेल्या, चप्पल हातात घेऊन धुऱ्यावरून परत आल्या. मग मोहाखाली उभं राहून त्यांनी विचारलं, "तुम्ही सगळी जमीन अकृषक करायला का मागितली?"

"म्हणजे?"

"घरं टेकरावर आहेत. तेवढाच तुकडा अकृषक करून मागा. बांध्या शेतीतच ठेवा. त्या ले-आउटमध्ये दाखवायचं कारणच नाही. मग बोडी बसते की नाही हा प्रश्नच येत नाही."

मी इंजिनीअरकडे पाहिलं. ती म्हणाली, "पण मॅडम, यांना ती जागा नकाशात राखून हवी होती."

"ते नकाशानं होत नाही," साहेबबाई म्हणाल्या. "शेती तुमच्या नावावर राहिली तर उद्या तुमच्या घरातलंच कोणी विकेल, मी थांबवू शकत नाही. पंचायतीला दिली तर पंचायत तिथं काय करेल, तेही मी थांबवू शकत नाही. तुम्हाला कोणावर विश्वास आहे ते तुम्ही ठरवा."

इतकं साधं होतं ते. टेकराचा तुकडा वेगळा मागायचा, हे पहिल्या दिवशी कुणीही सांगू शकलं असतं. सरपंचबाई, सचिव, तो सभ्य अधिकारी, आमची इंजिनीअर, कुणीही. कुणी लपवलं नव्हतं. कुणाच्या डोक्यात आलं नाही, एवढंच. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या मोहाच्या बुंध्यावर डोकं आपटावंसं वाटलं.

आणि विश्वास कोणावर, हा प्रश्न उरलाच. भाऊ म्हणाला, पुढच्या पिढीवर नाही. भावजय म्हणाली, पंचायतीवर तर मुळीच नाही. दोन दिवस त्या घरात त्याच एका विषयावर भांडण चाललं. शेवटी बांध्या भावाच्या नावावर शेती म्हणून ठेवल्या. बोडी आणि मोहाचा तुकडा पंचायतीला द्यायचा ठरला, पण आधी ग्रामसभेचा ठराव हवा : बोडी बुजवायची नाही, झाडं तोडायची नाहीत, बांधकाम नाही.

सरपंचबाईंनी ऐकून घेतलं. "ठराव देतो. पन ले-आउटातला तो ओपन स्पेसचा चौकोन आमाले सभागृहाले पायजे. तो तं नियमानं आमचाच हाय."

"दोन प्लॉट जातात त्यात."

"मंग दहा घरं होतीन," त्या म्हणाल्या. "तुमालेच तं कमी पायजेत."

भावानं मान डोलावली. ग्रामसभेत या वेळी त्या म्हाताऱ्यानंच आमची बाजू घेतली, का ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. बहुतेक त्याच्या ढोरांना वाट मिळाली होती म्हणून. ठराव झाला, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत गोंदियाहून मंजुरी आली. इंजिनीअरनं फोनवर मंजुरीचा क्रमांक दोनदा वाचून दाखवला. मी फक्त "बरं" म्हटलं. मला आनंद यायला चार दिवस लागले, आणि आला तोही थोडाच.

आज टेकरावर सहा घरं उभी आहेत. चांगली आहेत. संध्याकाळी एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात जात नाही, आणि भावजय हे येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते, जणू तिनंच शांतता विकत आणून ठेवली आहे. सभागृह झालेलं नाही. निधी आला नाही. चौकोन मात्र सपाट केलेला आहे. तिथं गवतही उगवत नाही. त्याच्या एका कोपऱ्यात पंचायतीनं व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवली, जी उन्हाळ्यात दुपारी हात लावता येत नाहीत इतकी तापतात. बोडीच्या काठी पेव्हर ब्लॉक घालून सौंदर्यीकरण करावं, असा अर्ज नव्या घरवाल्यांपैकी एकानं दिला आहे. त्याच माणसानं प्लॉट घेताना मला सांगितलं होतं की बोडी पाहूनच त्यानं इथं प्लॉट घेतला. आता त्याला बेडकांचा त्रास होतो.

परवा भावाचा फोन आला, लगेच ये म्हणाला. गेले तर त्याच माणसाच्या वाढीव बांधकामाचा मलबा ट्रॅक्टरनं बोडीच्या काठावर टाकलेला. विटांचे तुकडे, सिमेंटच्या पिशव्या, फुटक्या टाइल्स. भाऊ काठीवर रेलून ट्रॅक्टरच्या पुढं उभा होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. घरमालक गच्चीवरून ओरडला, "अरे भैया, खाली जगह ही तो है! इतना क्या?"

"खाली नाई ते," भाऊ म्हणाला. तो ओरडला नाही, पण जागचा हललाही नाही. "उचला."

"पंचायत की जगह है, आपकी नहीं."

"पंचायतीची हाय म्हूनच सांगून राहिलो. ठराव वाचून दाखवू का?"

त्याच्याजवळ ठराव नव्हता. तो माझ्या पर्समध्ये होता, आणि मी तो कितव्यांदा बाहेर काढला ते आता मोजत नाही. वाचून दाखवला. माझा आवाज पोस्टातला होता, गर्दीला ऐकू जाणारा. आजूबाजूच्या दोन घरांतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. घरमालक थोडा वेळ वाद घालत राहिला, मग बायकोनं आतून काही म्हटलं तसा खाली आला आणि ड्रायव्हरला उचलायला सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, उचलायचे मजूर जेवायला गेले.

"येतीन," भाऊ म्हणाला. "आमी हाव."

भावजयीनं घरातून दोन खुर्च्या आणून दिल्या आणि ती पुन्हा कामाला गेली. आम्ही दोघं बोडीच्या काठावर बसून राहिलो, मजूर परत येईपर्यंत आणि शेवटचं टोपलं ट्रॉलीत पडेपर्यंत. भावानं मध्येच एकदा विचारलं, "ताई, तुले घरी नाई जाचं?" मी म्हटलं, जायचं आहे, खूप जायचं आहे, पण हे होऊ दे.